ताता उठत नाहीत, काय करू? (घरोघरी जाणाऱ्या नर्सचा प्रश्न)

सिस्टरबाई | ३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी नर्स. चौदा वर्षं वॉर्डात काढली, आता दोन वर्षं घरोघरी जाते. बीपी, शुगर, ड्रेसिंग, गोळ्या नीट घेतल्या जातात का बघणं, हे काम. माझा भाग सोलापुरात अशोक चौकाच्या आसपासचा. निम्मी घरं तेलुगू बोलणारी. एका खोलीत माग, दुसऱ्या खोलीत संसार.

एका घरात एक ताता (तेलुगूत आजोबा) आहेत. वय ७४. आयुष्यभर पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. डिसेंबरात न्यूमोनिया झाला, नऊ दिवस दवाखान्यात होते. स्वतःच्या पायांनी चालत गेलेला माणूस परत आला तो दोघांच्या खांद्यावर. आता दीड महिना कॉटवरच. छाती साफ, बीपी एका गोळीवर १३०/८०, ऑक्सिजन ९७, शुगर नाही. डॉक्टरांनी तपासून 'फिरवा' म्हणून सांगितलंय. पण उठायचं नाव नाही. सून इतकी चांगली की पाण्याचा तांब्या हातात, ताट मांडीवर, चहा बशीत ओतून. मुलगा म्हणतो, "सिस्टर, आता त्यांनी काहीच करायचं नाही. लई राबलेत."

परवा मी म्हटलं, ताता, रोज थोडा व्यायाम करा. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वर पंख्याकडे बघत म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं मागापाशी उभा होतो. बारा बारा तास. आता तरी पडू द्या की."

मला उत्तर सुचलं नाही. कॉलेजात शिकवलं होतं, रुग्णाला व्यायामाचं महत्त्व पटवून द्या. अहो, पटलेलंच असतं! महत्त्व न पटलेला म्हातारा मी अजून बघितला नाही. उठणारा मात्र क्वचित बघितलाय.

तुमच्या घरी कोणी उठलं असेल तर कशाने उठलं ते सांगा. नर्स, फिजिओ असाल तर अजून बरं.

कडक_भाकरी | ३ फेब्रुवारी, रात्री १०:४०

वाचतेय. सासूबाईंना दाखवणार नाही, त्या तातांच्या पक्षात जातील.

पेठेतला_पोरगा | ३ फेब्रुवारी, रात्री ११:०२

सिस्टर, आमच्याकडं एकच औषध हाय. नळाला पाणी आलं म्हणून ओरडायचं. आमचा आज्जा रात्री दोनला बी कळशी घेऊन पळालाय बघा.

निवांत_माणूस | ३ फेब्रुवारी, रात्री ११:०५

पण पाणी येणार चार-पाच दिवसांनी. म्हणजे व्यायाम आठवड्यातून दीड वेळा. :)

हुतात्मा_एक्सप्रेस | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

मी पुण्यात, आई-बाबा जुळे सोलापुरात. बाबांना शुगर निघाली तेव्हा मी लगेच ट्रेडमिल घेऊन पाठवली. कर्तव्य केल्याचं समाधान मिळालं. पहिल्या आठवड्यात बाबांनी पायातल्या स्लिपरसकट तिच्यावर चढून वेग वाढवला आणि मागच्या भिंतीवर आदळले. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि आईची माझ्याशी अबोला-मोहीम.

आता तिच्यावर टॉवेल वाळतात. सोलापुरी, जाडजूड.

सिस्टरबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण मी जे केलं ते कोणी करू नये. यंत्र आणून ठेवलं की माणूस चालत नाही. आणि पडल्यानंतर जी भीती बसली, ती मनगट जुळल्यावरही गेली नाही. आता संडासला जातानाही भिंतीला हात लावून जातात.

गुडघा_स्पेशल | ४ फेब्रुवारी, दुपारी २:१०

मी फिजिओथेरपिस्ट. विजापूर रोडला प्रॅक्टिस. दोन-तीन गोष्टी लिहितो.

पहिली, ताता आळशी नाहीत, त्यांचे पाय खरंच गेलेत. सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं पलंगावर ठेवून अभ्यास केला गेला होता. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो मांस झडलं. ही निरोगी माणसं होती. तुमचे ताता न्यूमोनियात नऊ दिवस, वर दीड महिना. उठताना पाय लटपटतात, म्हणून माणूस उठत नाही, न उठल्याने पाय अजून बारीक होतात. त्यामुळे 'जरा चालत जा' ही त्यांच्यासाठी फार लांबची गोष्ट आहे. आधी उठणं, चालणं नंतर.

दुसरी, मोजून बघा. भिंतीला टेकलेली पक्की खुर्ची घ्या, हात छातीवर, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषाला १२ जमायला हवेत, त्याखाली म्हणजे पाय कमजोर, पडायचा धोका. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच आलं नाही तर आकडा शून्य धरायचा. पण सुरुवात हाताच्या आधारानेच करा, आणि तुम्ही बाजूला उभ्या राहा.

तिसरी थोडी कडू लागेल. व्यायाम लिहून देणं हे आमचं काम आहे. नर्सने तब्येत बघून सुरुवात करून द्यावी, पण गुडघा, खुबा, पॅरालिसिसचे पेशंट फिजिओकडे पाठवावेत. युट्यूब बघून कोणी वजनं बांधू नयेत.

सिस्टरबाई | ४ फेब्रुवारी, रात्री ९:३०

@गुडघा_स्पेशल, पटलं. तिसरा मुद्दाही मान्य, फक्त एक सांगते. माझ्या भागातल्या बाईला विजापूर रोडला यायचं तर रिक्षाचे पैसे, मुलाचा खाडा आणि तुमची फी. महिन्यातून एकदा येईल. मी मात्र तिच्या दारावरून आठवड्यात दोनदा जाते. तुम्ही शिकवा, मी करून घेते, असं जमेल का?

गुडघा_स्पेशल | ४ फेब्रुवारी, रात्री १०:०५

जमेल की. उलट त्याचंच उदाहरण देतो. न्यूझीलंडमध्ये ओटॅगो नावाचा घरी करायचा व्यायामक्रम आहे. पायाला बांधायची छोटी वजनं, तोल सांभाळायचे प्रकार, आणि चालणं. आठवड्यातून तीनदा साधारण अर्धा तास, शिवाय दोनदा फिरायला. त्याच्या चार चाचण्या मिळून ६५ ते ९७ वयाचे १,०१६ लोक होते. पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालं. यातल्या काही चाचण्यांत घरी जाऊन शिकवणाऱ्या नर्सच होत्या, फिजिओंनी त्यांना तयार केलं होतं. म्हणजे माझा दुपारचा तिसरा मुद्दा मीच अर्धा मागे घेतो.

चादर_टॉवेल | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

वेगळं मत मांडतो, राग नसावा. ७४ वर्षांचा कष्टकरी माणूस म्हणतोय पडू द्या, तर पडू द्या ना. आयुष्यभर मालकाने उभं केलं, आता सिस्टर उभं करणार. आपल्याला म्हाताऱ्यांना सुधारायची फार हौस. फिरायला जाणं हे पगारदारांचं खूळ आहे, पांढरे बूट घालून.

मँचेस्टरची_माई | ५ फेब्रुवारी, दुपारी १:१५

मूळची सोलापूरचीच, सात रस्त्याची. गेली अकरा वर्षं इथे वयस्करांच्या वॉर्डात नर्स.

चादर_टॉवेल, तुमचं वाक्य भिडलं, पण पडून राहणं म्हणजे आराम नव्हे हो. पाठीला जखमा, छातीत कफ, बद्धकोष्ठ, आणि मग संडासलाही दुसऱ्याच्या हाताने. तो आराम तुम्ही बघितला नसावा.

इथे २०१८ साली सगळ्या इंग्लंडभर ७० दिवसांची मोहीम झाली होती. पेशंटला सकाळी दवाखान्याच्या कपड्यांतून बाहेर काढायचं, स्वतःचे कपडे घालायला लावायचे, खुर्चीत बसवून जेवू घालायचं. एवढंच. ऐकायला पोरकट वाटतं. पण पायजम्यातला माणूस स्वतःला आजारी समजतो, आणि पँट चढवली की त्याला कुठेतरी जायचं असतं. तुमच्या तातांना आधी आंघोळ घालून धुतलेलं धोतर नेसवा, मग बघा.

आणि सुनेला सांगा, ताट मांडीवर नको, चार पावलांवर ठेव.

कडक_भाकरी | ५ फेब्रुवारी, दुपारी १:३२

चार पावलांवर ताट ठेवलं तर गल्लीत माझी काय अब्रू राहील, माई! 'सुनेने म्हाताऱ्याला जेवायलासुद्धा उठवलं' हे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत पोचेल.

सिस्टरबाई | ५ फेब्रुवारी, रात्री ८:५०

@कडक_भाकरी, हसू नका, खरी गाठ तिथेच आहे. आपल्याकडे सेवा म्हणजे हलू न देणं. मी त्या सुनेला ताट लांब ठेव म्हटलं तर तिचे डोळे भरले. "मग मी काय वाईट करते का?" तिला वाटलं मी तिची चूक काढतेय. मग म्हटलं, दोष माझ्यावर घाल. कोणी विचारलं तर सांग, सिस्टरने सक्त ताकीद दिलीय. तेव्हा तयार झाली. नर्सच्या पांढऱ्या कपड्यांचा हा एक उपयोग.

डबल_बेल | ६ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

मी ७६ वर्षांचा. इतका वेळ आमच्याविषयी चाललंय म्हणून वाटलं, आपणही बोलावं.

एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. नातवाने एकदा वाचून दाखवलं होतं की १९५३ साली लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास छापून आला. ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी, कारण ते दिवसभर डबल डेकरच्या जिन्यावर वरखाली करायचे. मी म्हटलं, बरोबरच आहे. आमच्या गाडीत जिना नव्हता, पण गच्च भरलेल्या गाडीत माणसांतून पुढेमागे करणं हा काय कमी व्यायाम होता?

रिटायर झालो आणि सहा वर्षांत बारा किलो वाढलं. कोणी व्यायाम करा म्हटलं की मलाही ऐकू येत नसे. मग २०२२ च्या ऑगस्टात ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली. माझी पंचाहत्तरी झाली तसं कधी अक्कलकोट, कधी तुळजापूर, कधी पंढरपूर असं सुरू झालं. आणि गंमत बघा. ज्या गाडीत ३१ वर्षं उड्या मारून चढलो, तिची पहिली पायरीच चढता येईना. नवा कंडक्टर म्हणतो, "आजोबा, हात द्या." मला हात देतो! त्या दिवशी मला जे लागलं ते कोणत्याही डॉक्टरच्या बोलण्याने लागलं नव्हतं.

माझ्याकडे बीपी तपासायला येणाऱ्या नर्सला हे बोलून दाखवलं. ती व्यायाम हा शब्द बोललीच नाही. म्हणाली, आजोबा, ती पायरी किती उंच आहे? मी हाताने दाखवली, गुडघ्याच्या जरा खाली. तिने दारातल्या उंबऱ्यापासून सुरू केलं. दाराची चौकट धरायची, चढायचं, उतरायचं, दहा वेळा. मग घराच्या पायरीवर. मग ओट्यावर. रोज येताना विचारायची, "गाडी कुठवर आली?"

अजून तुळजापूरच्या देवळाच्या पायऱ्या बाकी आहेत.

पेठेतला_पोरगा | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:००

मालक, एकच नंबर. गाडी कुठवर आली!

मँचेस्टरची_माई | ६ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

डबल_बेल काका, तुमच्या त्या नर्सला नमस्कार सांगा. सगळं शिक्षण या एका प्रश्नात आहे. तुम्हाला काय करता येत नाहीये, आणि ते केलं तर कुठे जाल? आम्ही विचारतो ते उलटं. किती मिनिटं चाललात, किती वेळा केलंत, का नाही केलंत. शाळामास्तर.

घरकुलची_पोर | ६ फेब्रुवारी, रात्री ११:५५

रात्री उशिरा लिहितेय कारण दिवसा लिहायचं धाडस झालं नसतं.

माझी आई विडी वळायची. कुंभारीजवळच्या विडी घरकुलात वाढलो आम्ही. दिवसाला हजार विड्या, म्हणजे सूप मांडीवर घेऊन सकाळपासून मांडी घालून बसायचं. मान खाली, पाठ वाकलेली. आता ती ६८ ची. "मी दिवसभर कामच करते, मला कशाला व्यायाम?" हे तिचं उत्तर. खरंच करते, पण सगळं बसून. भाजी निवडणं, भांडी, कपडे. जमिनीवरून उठताना मात्र दोन्ही हात टेकून चार पायांवर येते आधी.

मी तिच्या मागे लागले, फिरायला चल, संभाजी तलावाच्या बाजूला ट्रॅक आहे. दोनदा आली, नंतर नाहीच. गुडघे दुखतात म्हणायची. दोन महिन्यांनी घरी आलेल्या सिस्टरने तिला एकटीला आत नेऊन विचारलं तेव्हा कळलं. चालताना, खोकताना लघवी सुटते. ट्रॅकवर बाथरूम नाही, साडी ओली झाली तर? म्हणून घराबाहेर पडायचं नाही, म्हणून पाणी कमी प्यायचं. मला, पोटच्या पोरीला, सांगितलं नव्हतं.

सिस्टरने आकुंचनाचे व्यायाम शिकवले. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच, लघवी करून आल्यावर, आवळून पाच सेकंद धरायचं, सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. आणि गुडघ्यांसाठी खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा. आई आता विड्या वळत नाही, पण ते स्नायू आवळण्याचं काम टीव्हीसमोर बसून करते, कोणाला कळतही नाही. तीन महिन्यांनी म्हणाली, चल, तलावावर जाऊ. जाताना मात्र आधी विचारलं, वाटेत तुझ्या मैत्रिणीचं घर कुठे लागतं?

सिस्टरबाई | ७ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

घरकुलची_पोर, लिहिलंस ते फार बरं केलंस. हा प्रश्न मी यापुढे प्रत्येक आजीला विचारणार. आणि पुरुषांनाही विचारायला हवा, प्रोस्टेटवाल्यांची तीच कथा असते, फक्त ते 'आज ऊन फार आहे' म्हणतात.

गुडघा_स्पेशल | ७ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

सहमत. एक जोड: महिना-दीड महिन्यात फरक वाटला नाही, किंवा लघवीला जळजळ, रक्त असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. आणि गुडघेदुखीत चालू नका हा जुना समज आहे. झिजेच्या गुडघ्याला मांडीचे स्नायू मजबूत करणं हाच मोठा उपचार. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमलं तर चालतं. सूज आली, लाल झाला, रात्री झोप उडाली तर थांबा.

निवांत_माणूस | ७ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

अवांतर: रोज दहा हजार पावलं नाही झाली तर काय होतं? घड्याळ मला रोज रात्री नऊला लाज आणतं.

हुतात्मा_एक्सप्रेस | ७ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

काही होत नाही. दहा हजार हा आकडा मुळात १९६५ च्या एका जपानी पावलं मोजायच्या यंत्राचं नाव आहे, 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. जाहिरातीतला आकडा. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास आला. २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० वाल्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर जास्तीचा फायदा दिसला नाही.

ट्रेडमिलच्या पापानंतर मी हे सगळं वाचत बसलो होतो.

चादर_टॉवेल | ७ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचे ते आठवड्याला १५० मिनिटं वगैरे पण असेच का?

मँचेस्टरची_माई | ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००

नाही, ते अभ्यास चाळून काढलेलं आहे. २०२० च्या शिफारशीत १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, दोन दिवस ताकदीचं काम, आणि पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्यातून तीनदा तोल आणि ताकदीचे व्यायाम. पण त्यातच लिहिलंय की जमत नसेल त्यांनी जमेल तेवढं करावं, थोडंही न करण्यापेक्षा बरं. कॉटवरच्या माणसाला १५० चा आकडा सांगणं म्हणजे उपाशी माणसाला पंगतीचं वर्णन.

मध्यम म्हणजे किती? बोलता येतं पण गाता येत नाही, इतका दम लागला की समजायचं.

बोला_हर्र | ८ फेब्रुवारी, रात्री ९:१०

उशिरा आलो, सिद्धेश्वराच्या यात्रेनंतर आडवा झालो होतो. :)

आमच्या घरात नंदीध्वजाची (यात्रेत पेलून न्यायची उंच, जड काठी) सेवा आहे. मी नव्या पिढीतला. सिस्टर, आमच्यात कोणी 'व्यायाम' म्हणत नाही, म्हणतात 'सराव'. संक्रांतीच्या कितीतरी आधी सराव चालू होतो. पहिल्या दिवशी कोणी पूर्ण काठी पेलत नाही. कमी वजन, थोडं अंतर, मग वजन वाढवायचं, मग अंतर. बाजूला जुनी माणसं उभी, तोल गेला की सावरायला. यात्रेच्या दिवशी बाराबंदी घालून अनवाणी निघायचं, ६८ लिंगांची प्रदक्षिणा, त्यासाठी हे सगळं. चुलते ८१ वर्षांचे. काठी सोडून पंधरा वर्षं झाली, पण सरावाला उभे राहतात, पोरांना शिव्या घालत पाव मैल सोबत चालतात. डॉक्टर विचारतात, व्यायाम करता का? ते म्हणतात, नाही.

तातांना व्यायाम नको, सराव सांगून बघा.

गुडघा_स्पेशल | ८ फेब्रुवारी, रात्री ९:३५

कमी वजन, थोडं अंतर, हळूहळू वाढ, बाजूला सावरणारा माणूस. आम्ही चार वर्षं कॉलेजात हेच शिकलो, फी भरून.

फक्त शुगरवाल्यांनी अनवाणी नको. पायाला बधिरपणा असेल तर तापलेल्या फरशीवर भाजलेलंही कळत नाही. मंदिरातून आल्यावर तळपाय रोज बघायचे, दिसत नसेल तर सुनेने बघायचे.

सिस्टरबाई | १९ फेब्रुवारी, रात्री १०:००

अपडेट देते.

माईंनी सांगितलेलं धोतर केलं, ताट चार पावलांवर ठेवलं. तीन दिवस उठून ताटापर्यंत आले, चौथ्या दिवशी म्हणाले भूक नाही. 'सराव' पण सांगून बघितला, "कशाचा सराव, मरायचा?" असं आलं. मी घरी येऊन रडले नाही, पण जेवण गेलं नाही.

मग गेल्या मंगळवारी बीपी घेत होते, झोपून घेतलं, बसवून घेतलं. (उठवायच्या आधी हे मी नेहमी करते. उभं केल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर चक्कर येऊन पडतात, मग त्या दिवशी चालवणं नाही, आधी डॉक्टरांना फोन.) शेजारच्या खोलीत माग चालू होता. मला तो सगळा एकच खडखडाट. ताता मात्र एकदम मान वळवून ओरडले, "अरे धोटा नीट जाईना! बंद कर, तार तुटंल!" (धोटा म्हणजे मागात आडवा धागा घेऊन धावतो तो.) मुलगा आतून म्हणाला, बरोबर चाललंय नाना, तुम्ही पडा. ताता परत ओरडले. मला आवाजात काहीच फरक कळला नाही, खरं सांगते.

मी म्हटलं, ताता, इथून ओरडून त्याला काय कळणार? जाऊन दाखवा की.

ते माझ्याकडे बघायला लागले. मी पट्टा त्यांच्या दंडावरून काढला, खुर्ची पुढे ओढली, एक हात खुर्चीवर, एक माझ्या मनगटावर. पाय मागे घेतले, नाक पुढे, उठले. मांड्या थरथरत होत्या. उंबऱ्यापाशी थांबले, श्वास घेतला. मागापर्यंत अकरा पावलं, मी मोजली. मुलगा माग सोडून उठला आणि "नाना, बसा, बसा" म्हणायला लागला, त्याला मी डोळ्यांनी गप्प केलं. तातांनी मागाच्या लाकडावर हात ठेवला, वाकले नाहीत, नुसतं बोटाने दाखवलं कुठे ढिलं आहे ते. मुलाने पाना फिरवला. परत चालू केला.

आता मला फरक ऐकू आला.

कडक_भाकरी | १९ फेब्रुवारी, रात्री १०:०८

अंगावर काटा. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'बघ, कामाला लावलं शेवटी.'

चादर_टॉवेल | २० फेब्रुवारी, सकाळी ८:००

हं. मालकाने उभं करणं वेगळं आणि हे वेगळं, एवढं मान्य करतो. पांढऱ्या बुटांबद्दलचं मत कायम.

सिस्टरबाई | ११ एप्रिल, रात्री ९:२०

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून.

ताता रोज मागापाशी जातात. खुर्चीवरून उठायचं सुरुवातीला हाताच्या आधाराने ३ वेळा जमत होतं, आता हात न लावता ८. कालनिर्णयवर सून रोज आकडा लिहिते, दुधाच्या हिशेबाच्या खाली. मार्चच्या शेवटी ते कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर जायला लागले होते, जुने जोडीदार बसतात तिथे. पण आता ऊन बघताय ना, पारा चाळिशीपार. म्हणून सकाळी साडेसहाच्या आत जाऊन यायचं, नाही जमलं तर घरातच दोन खोल्यांत येरझारा. बाहेर जाताना पाण्याची बाटली, आणि काठी. काठी तोलासाठी कमी, कुत्र्यांसाठी जास्त.

आता नवीन पंचाईत. ते मागापाशी दोन दोन तास उभे राहतात, पोराला शिकवत. संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात. मुलगा म्हणतो, सिस्टर, तुम्हीच उठवलंत, आता तुम्हीच बसवा.

गुडघा_स्पेशल | ११ एप्रिल, रात्री ९:५०

दोन्ही पाय सारखे सुजतात ना? एकच सुजला, दुखला, गरम लागला तर लगेच दवाखाना. दम लागत नाही ना, वजन झपाट्याने वाढलं नाही ना, ते बघा. आणि बीपीची गोळी कोणती? अॅम्लोडिपिन असेल तर घोटे सुजणं हा तिचा ठरलेला त्रास आहे, डॉक्टरांना सांगा, बदलून देतील. स्वतःहून बंद करायची नाही. उभं राहायचंच असेल तर मागाजवळ एक उंच स्टूल ठेवा, आणि दर वीस मिनिटांनी टाचा वर-खाली, वीस वेळा.

सिस्टरबाई | ११ एप्रिल, रात्री १०:०२

अॅम्लोडिपिनच आहे. उद्या डॉक्टरांना फोन करते. स्टूल सांगते, पण ते त्यावर मुलाला बसवतील असं वाटतंय.

डबल_बेल | १२ एप्रिल, सकाळी ५:५०

आज तुळजापूरला निघालोय, सहाची गाडी. पायरी हात न देता चढलो. कंडक्टर तोच होता, त्याने बघितलं की नाही माहीत नाही, मोबाईलमध्ये होता. देवळाच्या पायऱ्या उतरताना जास्त जपायचं म्हणतात, खरं का? सिस्टरबाई किंवा गुडघेवाले, गाडी पोचायच्या आत सांगा.

गुडघा_स्पेशल | १२ एप्रिल, सकाळी ६:४०

खरं आहे. उतरताना दुखरा पाय आधी खाली, चढताना चांगला पाय आधी वर. एक हात कठड्यावर. मध्ये थांबा. आणि उन्हाच्या आत परत फिरा.